निळूभाऊ पुन्हा पाहायचे, पण कोणत्या प्रतीत?

१३ जुलै जवळ आला की निळू फुले यांची आठवण निघतेच. २००९ साली ते गेले, पण त्यांचा सिनेमा लावायचा म्हटलं की माणसं अजून जमतात. घरात, वाचनालयाच्या हॉलमध्ये, गावच्या समाजमंदिरात. सिनेमा कोणता लावायचा यावर तासभर चर्चा होते. प्रत मात्र हाताला लागेल ती उचलली जाते, आणि घात तिथेच होतो.

निळूभाऊंचा खलनायक क्वचितच ओरडतो. आवाज खर्जात, किंचित घोगरा. वाक्य संपताना शेवटचा शब्द अर्धा गिळलेला, मध्येच एक श्वास ऐकू येईल असा. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि बोलून झाल्यावर समोरच्यावर रेंगाळणारी नजर. नकला करणारे ‘बाई, वाड्यावर या’ म्हणताना हे सगळं दुप्पट करून दाखवतात. मुळात ते फार बारीक आहे, आणि खराब प्रतीत पहिल्यांदा तेच हरवतं. म्हणून व्हीसीडी, डीव्हीडी, जालावरच्या प्रती आणि टीव्हीवरचं प्रक्षेपण यांतलं काय घ्यावं, काय टाळावं, ते इथे सांगतो आहोत.

व्हीसीडीचं लवकर आटपू. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम पाव. सिनेमा दोन-तीन चकत्यांत तोडलेला, आणि तो तुकडा बऱ्याचदा प्रसंगाच्या ऐन मध्यात पडतो. काळोखाच्या जागी करडे चौकोन नाचतात. ‘सिंहासन’सारख्या कृष्णधवल सिनेमात अर्ध्या अंधारातला चेहरा हाच खरा ऐवज आहे, तिथे ही प्रत चालतच नाही. दुसरी प्रत कुठेच मिळत नसेल तेव्हाच, आणि तीही लहान पडद्यावर.

डीव्हीडी आजही पहिली पसंती. चित्र ७२० बाय ५७६, आवाज पुरेसा भरीव, मधे जाहिराती नाहीत. पण तिच्यात एक छुपा दोष असतो, आणि निळूभाऊंच्या बाबतीत तो फार महागात पडतो. सिनेमा चालतो सेकंदाला २४ चौकटींनी. आपल्याकडच्या बऱ्याच डिस्क पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या. २४ चौकटींचा सिनेमा सरळ २५ ने पळवला की तो चार टक्के लवकर संपतो, आणि आवाजही तेवढाच वर चढतो, जवळजवळ पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊण हिश्श्याने. दुसऱ्या नटाच्या बाबतीत हे लक्षातही येणार नाही. इथे मात्र खर्ज पातळ होतो आणि सावकाश सोडलेलं वाक्य घाईत म्हटल्यासारखं वाटतं. धमकीतली जरब निघून जाते.

हे ओळखायची एक सोपी रीत आहे. सिनेमाच्या आरंभी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, तिथे चित्र थांबवा. त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. समजा लांबी ४,००० मीटर आहे, तर सिनेमा १४६ मिनिटांचा हवा. तुमची प्रत १४० मिनिटांची असेल तर काही कापलेलं नाही, फक्त वेग वाढलेला आहे. १३० भरली तर मात्र कुठेतरी कात्री लागली आहे किंवा एखादं रीळच गायब आहे. प्रमाणपत्रच उडवलेलं असेल तर ती प्रत सावधपणे घ्यावी. सुरुवात ज्याने कापली, त्याने आतलंही काही कापलं असण्याची शक्यता असते.

वेग सुधारता येतो. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये प्रेफरन्सेस उघडा, खाली ‘ऑल’ निवडा, ‘इनपुट / कोडेक्स’मध्ये प्लेबॅक स्पीड ०.९६ करा. एवढ्याने भागत नाही. ‘ऑडिओ’ विभागातली टाइम स्ट्रेचिंगची खूण काढावी लागते, नाहीतर वेग उतरतो पण आवाज चढलेलाच राहतो. खूण काढली की दोन्ही जागेवर येतात. व्हीएलसी बंद करून पुन्हा सुरू करा, आणि सिनेमा संपल्यावर दोन्ही गोष्टी पूर्ववत करायला विसरू नका. हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर ‘डी’ हे बटण दाबा, डीइंटरलेस चालू होईल.

जालावर चित्रपट शोधला की चार-पाच प्रती समोर येतात आणि बहुतेकांवर ‘एचडी’ लिहिलेलं असतं. त्या शिक्क्याला भुलू नये. व्हीसीडीवरून घेतलेलं चित्र ताणून १०८० केलं तरी आत तपशील तेवढाच. खरी परीक्षा श्रेयनामावलीत. बारीक अक्षरांतली जोडाक्षरं सुटी वाचता येत असतील तर प्रत बरी आहे. ‘क्ष’ आणि ‘श्र’ यांचा गोळा झाला असेल तर पुढे पापण्यांचाही गोळाच होणार.

त्याहून वाईट प्रकार चौकटीच्या आकाराचा. सिनेमास्कोप नसलेल्या त्या काळच्या बहुतेक सिनेमांची चौकट जवळजवळ चारास तीन अशी असते. रुंद टीव्ही भरायचा म्हणून ती आडवी ताणली की चेहरा तेहतीस टक्के रुंद होतो. गालफडं सुजल्यासारखी दिसतात आणि डोळे लांबट होतात. काही प्रतींत ताणत नाहीत, वरून-खालून कापतात. उंचीचा चक्क पाव भाग जातो. वर टोपी गेली, खाली हात गेला. उरते नुसती नाकाडोळ्यांची पट्टी. ताणलेलं चित्र दुरुस्त होतं: व्हीएलसीत ‘ए’ दाबत राहा, ४:३ येईपर्यंत. टीव्हीवर पिक्चर साइजमध्ये ४:३ निवडा. कापलेलं मात्र परत येत नाही, ती प्रत सोडून द्या. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या पाहून कुणी ‘पडदा भरत नाही’ म्हणून कुरकुरलं तरी त्या तशाच ठेवाव्यात.

आवाजाची दुसरी भानगड म्हणजे ‘साफ’ केलेल्या प्रती. खरखर काढताना सॉफ्टवेअर श्वासही काढून टाकतं. ‘स’ आणि ‘ह’ पाण्यातून आल्यासारखे ऐकू येतात. त्यापेक्षा थोडी खरखर असलेली प्रत शंभर पटीने चांगली. काही ठिकाणी एकपदरी आवाजाला खोटा स्टिरिओ केलेला असतो. हेडफोनमध्ये तो भव्य वाटतो, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर दोन्ही बाजू एकमेकींना मारतात आणि संवाद विरळ होतात. व्हीएलसीत ऑडिओ, स्टिरिओ मोड, लेफ्ट असं केलं की आवाज ठीक होतो.

टीव्हीवर लागलेला सिनेमा आयता मिळतो, एवढाच त्याचा फायदा. वेळेत बसवण्यासाठी कापाकापी होते, कोपऱ्यात चिन्ह असतं आणि ताणाच्या प्रसंगात जाहिरात येते. कुठूनही आलेली प्रत टीव्हीवर पाहताना एक गोष्ट मात्र जरूर करा. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीत ती ट्रूमोशन नावाने असते, सोनीत मोशनफ्लो नावाने. ती चालू असली की टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच रचतो आणि निळूभाऊंची सावकाश वळणारी मान मालिकेतल्यासारखी दिसते.

प्रत निवडताना तीन जागा तपासल्या की पुरतं. पहिली ‘सामना’त. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला हा जब्बार पटेलांचा सिनेमा. निळूभाऊंचे हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. लागूंचे मास्तर समोरासमोर बसलेले, आणि मध्ये ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न. हिंदुराव गप्प असतानाचा चेहरा पाहा. डोळ्यांतला बारीक बदल दिसला तर चित्र पास. दुसरी ‘सिंहासन’मध्ये. तिथे निळूभाऊ खलनायक नाहीत, पत्रकार दिगू टिपणीस आहेत, आणि शेवटी त्यांचं ते हसणं आहे. चांगल्या प्रतीत हसता हसता आवाज फाटलेला कळतो. दाबून बसवलेल्या आवाजात तो नुसता गोंगाट होतो. तिसरी तपासणी रंगाची, १९७२ च्या ‘पिंजरा’वर. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर थर आधी विटतो, म्हणून सगळं लालगुलाबी दिसतं. टीव्हीचा रंग थोडा उतरवून पांढरा रंग ‘कूल’कडे नेला तर कातडीचा रंग बराच सावरतो.

हॉलमध्ये लावायचं तर डीव्हीडी आठ बाय सहा फुटांच्या पडद्यापर्यंत नीट टिकते. त्यापुढे चित्र विरतं. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवा, आणि बास उतरवा. सिमेंटच्या हॉलमध्ये बास वाढवला की निळूभाऊंचा खर्ज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. जुलैचे दिवस, पत्र्याचं छप्पर असेल तर सर आली की सगळंच बुडेल. पक्क्या छताचा हॉल पाहा. डिस्क घरगुती वापरासाठी असते, जाहीर खेळासाठी हक्कदारांची लेखी परवानगी आधी घ्या.

आमची पसंती सांगायची तर, चारास तीन चौकटीची न कापलेली डीव्हीडी, आणि वेग वाढलेला असेल तर तो ०.९६ वर. ती नसेल तर हक्कदारांनी स्वतः जालावर टाकलेली, खरखर न काढलेली प्रत. टीव्ही त्यानंतर, व्हीसीडी सगळ्यात शेवटी. आणि कुणाच्या घरी जुनी डिस्क पडून असेल तर ती मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा एकाच ठिकाणचा बराच भाग सलग खराब करतो आणि तिथे सिनेमा अडकतो, मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्लेअर बहुतेक वेळा निभावून नेतो.