डासांच्या आरएनए तपासणीची सेवा : जळगावहून आलेला अनुभव

नर आणि मादी डासांमध्ये कोणते जनुक कोणत्या अवयवात किती सक्रिय असते, हे पाहण्यासाठी आमच्या प्राणिशास्त्र विभागाने बाहेरगावच्या एका खासगी प्रयोगशाळेची आरएनए सिक्वेन्सिंग सेवा घेतली. सक्रिय जनुकाची पेशीत जी प्रत बनते ती आरएनए, आणि या प्रती वाचून मोजणे म्हणजे सिक्वेन्सिंग. डास एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरवणारे. त्यांच्या अळ्या जळगावातल्याच कूलरमधून आणि साठवणीच्या टाक्यांमधून गोळा केलेल्या होत्या. सेवा एकंदरीत घेण्यासारखी आहे. मात्र ती यंत्र उत्तम चालवणाऱ्यांची सेवा आहे, डास जाणणाऱ्यांची नव्हे, आणि ही उणीव ग्राहकालाच भरून काढावी लागते.

नमुने नेण्याची व्यवस्था चोख होती. आरएनए टिकवणारे द्रावण, नळ्या आणि शीतपेटी वेळेवर आली. सोबतच्या पत्रकात नमुने ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवता येतील असे लिहिले होते. तिथे खोली म्हणजे 25 अंश गृहीत असते, आणि वैशाखात खानदेशातली कोणतीही खोली त्या आकड्याच्या वाटेला जात नाही. आम्ही सारे फ्रीजमध्येच ठेवले.

खर्च कमी व्हावा म्हणून प्रयोगशाळेने आख्खे डासच पाठवण्याचा सल्ला दिला होता. आम्ही तो मानला नाही. ॲनोफिलिस गॅम्बिये या हिवतापवाहक डासाचा मॉझॲटलस नावाचा जो संग्रह 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नर-मादींच्या वेगवेगळ्या अवयवांतील सुमारे 82 टक्के ज्ञात जनुकांची क्रियाशीलता नोंदवलेली आहे, आणि आख्ख्या डासाच्या नमुन्यात जिची चाहूलही लागत नव्हती अशी सुमारे 20 टक्के जनुकांची हालचाल केवळ अवयव वेगळे केल्यामुळे दिसली. त्यामुळे वेळ लागला तरी विच्छेदन आम्हीच केले. सूक्ष्मदर्शकाखाली मिठाच्या द्रावणाच्या थेंबात डास ठेवून सुईने डोके अलगद ओढले, की लाळग्रंथींची पारदर्शक जोडी मागोमाग बाहेर येते. नराच्या ग्रंथी फारच लहान असल्याने तेवढ्याच आरएनएसाठी नर कितीतरी अधिक लागतात. हे दरपत्रकात कोणी सांगत नाही.

पहिला खटका गुणवत्ता चाचणीत उडाला. आरएनए किती अखंड आहे हे सांगणारा गुणांक खूपच कमी आला, तेव्हा नमुने खराब झाले आहेत, नवे पाठवा, असा निरोप मिळाला. वास्तविक डासांसह बहुतेक कीटकांच्या 28एस रायबोसोमल आरएनएमध्ये (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा हा मोठा आरएनए, 18एस हा त्याहून लहान) निसर्गतःच एक छुपी चीर असते. चाचणीपूर्वी नमुना तापवला की 28एसचे दोन तुकडे होतात आणि ते आलेखात 18एसच्या शेजारी जाऊन बसतात. मग दोन शिखरांऐवजी एकच दिसते, आणि माणसाच्या नमुन्यांवर बेतलेले यंत्र त्याला ‘सडलेला आरएनए’ ठरवते. न तापवता चाचणी घ्या, असे आम्ही कळवले. दोन्ही शिखरे स्वच्छ दिसली आणि त्याच नमुन्यांवर काम पुढे गेले. येथे प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांनी ऐकून घेतले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

अहवाल हाती आल्यावर आम्ही सर्वप्रथम निक्स हे जनुक शोधले. एडिसमध्ये नर घडवणारा हा घटक 2015 मध्ये ओळखला गेला. तो केवळ नरांतच असतो, त्यामुळे नर-मादी नमुन्यांची सरमिसळ झाली आहे का हे तपासण्यासाठी त्याच्याइतका सोपा साक्षीदार नाही. अहवालात मात्र तो नरांतही शून्य होता! चौकशी केली, तेव्हा तुलनेसाठी 2007 चा जुना जीनोम (डासाच्या संपूर्ण जनुकीय माहितीचा नकाशा) वापरल्याचे कळले, ज्यात हे जनुक मुळात नाहीच. 2018 चा जीनोम वापरून विश्लेषण पुन्हा करून घेतले. निक्स नरांत दिसले, मादीत नाही. या फेरविश्लेषणाचे जादा पैसे लावले नाहीत.

बाकीचे आकडे जीवशास्त्राशी जुळले. रक्तबिंबिकांची गुठळी होऊ न देणारे ॲपिरेज मादीच्या लाळग्रंथीत भरपूर होते. रक्त पिण्याचा प्रश्नच नसलेल्या नराच्या ग्रंथीत त्याचे काम पडत नाही. व्हिटेलोजेनिन, म्हणजे अंड्यातील बलकाचे पूर्वप्रथिन, रक्त पाजलेल्या मादीच्या मेदपिंडात (कीटकांचा चरबी साठवणारा आणि प्रथिने बनवणारा अवयव) उसळलेले होते, अंडाशयात नव्हे. हे पाहून विद्यार्थी बुचकळ्यात पडले, पण ते तसेच असायला हवे : प्रथिन मेदपिंडात तयार होते आणि अंडाशय ते रक्तद्रवातून केवळ उचलतो.

उरलेली मोठी तक्रार डबलसेक्स या जनुकाविषयी आहे. ते दोन्ही लिंगांत सक्रिय असते, परंतु त्याचा आरएनए नरात एका प्रकारे आणि मादीत दुसऱ्या प्रकारे जोडला जातो. प्रयोगशाळेच्या ठरावीक अहवालात प्रत्येक जनुकाची केवळ एकूण बेरीज मिळते, म्हणून लिंगभेदाच्या या मध्यवर्ती जनुकासमोर ‘लक्षणीय फरक नाही’ असा शेरा पडला. जोडणीनिहाय विश्लेषणासाठी वेगळे शुल्क आहे आणि ते कमी नाही. काम देण्यापूर्वीच कोणता जीनोम वापरणार, आरएनए न तापवता तपासणार का आणि मूळ माहितीच्या फाइली देणार का, हे लेखी घ्यावे. आम्हाला फाइली मिळाल्या आहेत, त्यामुळे डबलसेक्सचे विश्लेषण आता विभागातल्याच संगणकावर सुरू आहे.