पट्ट्या टीव्हीत नव्हत्याच

लेकीला दहावीचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दिसावेत म्हणून आमचा जुना कॉम्प्युटर हॉलमधल्या 32 इंची एलसीडीला जोडला. दोन्हीकडे व्हीजीएचं, म्हणजे चित्र नेणारं जुन्या पद्धतीचं सॉकेट होतं आणि पंधरा पिनांची वायर घरातच पडून होती. चित्र आलं, पण त्यावरून फिक्या आडव्या पट्ट्या सरकत राहिल्या. गणितातलं वजाचं चिन्ह त्यात हरवायचं.

टीव्हीच्या कंपनीचं नाव आणि 'कोल्हापूर सर्व्हिस सेंटर' असं शोधून सगळ्यात वर आलेला नंबर लावला. माझी चूक इथंच झाली. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता आणि कार्ड कपाटात होतं. पण शोधतंय कोण!

तासाभरात माणूस हजर. गळ्यात आयकार्ड, अंगात कॉलरचा टीशर्ट, तोंडात सारखं 'मॅडम'. मागचं झाकण उघडून त्यानं टॉर्च मारला आणि मान हलवली. "बोर्ड गेलाय मॅडम." लेक मोबाईलवर फोटो काढत होती, कारण बोर्डावर बारकोडच्या स्टिकरला चिकटून पालीची वाळलेली लेंडी होती आणि तिला ती मैत्रिणींना दाखवायची होती. व्हिजिटचे 350 घेऊन तो बोर्ड काढून घेऊन गेला.

दोन दिवसांनी 'नवा' बोर्ड बसवला. टीव्ही टीपॉयवर ठेवून फक्त कॉम्प्युटरची वायर जोडली. चित्र लख्ख! 3,800 रुपये, रोखच हवेत म्हणाला. बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. "सेट-टॉप बॉक्सची वायर तुम्हीच लावा, मला पुढचा कॉल आहे." संध्याकाळी ह्यांनी ती वायर लावली आणि पट्ट्या परत आल्या. फोन केला तर म्हणे, आता वायर खराब असणार, सोन्याच्या मुलाम्याची 1,200 ला देतो. नाहीतर कॉम्प्युटरच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाका.

पिनेचं ऐकून मी थांबले. आमच्या गल्लीतले म्हातारे इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी टीव्हीला हातही लावला नाही. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर उपसली. पट्ट्या गायब. परत लावली, पट्ट्या हजर.

"वहिनी, ही वायर बाहेरनं वेगळं अर्थिंग घेऊन येत्या, आणि कॉम्प्युटरला घरचं अर्थिंग. दोन्ही टीव्हीत भेटत्यात."

दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला, तरी वायरींच्या आवरणातून करंट फिरतो आणि विजेची 50 हर्ट्झची घरघर व्हीजीएच्या चित्रात मिसळते. व्हीजीए ॲनलॉग, म्हणजे वायरीतला विजेचा चढउतारच थेट चित्र होतो, म्हणून ती पट्ट्या होऊन दिसते. एचडीएमआय ही नव्या पद्धतीची जोडणी, ती डिजिटल असते, तिथं वायर बिघडली तर पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदाच काळा होतो. लॅपटॉप असता तर चार्जर काढून बॅटरीवर चालवला असता आणि दोन मिनिटांत अंदाज आला असता, असंही ते म्हणाले. तिसऱ्या पिनेवर मात्र भडकले. अर्थिंग तोडलं आणि कॉम्प्युटरच्या डब्यात करंट उतरला, तर पोरगी हात लावील तिथं शॉक.

केबलच्या वायरीत त्यांनी बोटाएवढा आयसोलेटर बसवला. बाहेरचं आवरण तिथं तुटतं, सिग्नल पुढं जातो. सगळे मिळून 250 रुपये.

मग मी नव्या बोर्डाचं सांगितलं. ते हसले आणि झाकण उघडलं. बारकोडचा आकडा लेकीच्या फोटोतलाच. शेजारी तीच लेंडी, जागची हललेली नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची म्हटलं, तर हातात बिल नाही, रोख दिल्यामुळं बँकेत नोंद नाही. आहे तो एवढा फोटो. परवा दुसऱ्या फोनवरून तो नंबर लावून बघितला. पहिल्याच रिंगला उचलला. "बोला मॅडम, कुठला एरिया?"