ए लेव्हलनंतर आर्ट फाउंडेशन की थेट पदवी?

इयर थर्टीनची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या, ए लेव्हल परीक्षेच्या वर्षाची दिवाळी आली की इंग्लंडमधल्या काही मराठी घरांत हा विषय हमखास निघतो. मुलीला आर्ट किंवा डिझाइनमध्ये पुढे जायचंय, युकासचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाचा सामाईक फॉर्म भरायचाय आणि शाळेतले आर्टचे शिक्षक म्हणताहेत, ‘आधी फाउंडेशन कर,’ म्हणजे पदवीआधीचा एक वर्षाचा तयारीचा डिप्लोमा. आईवडिलांना मात्र कळत नाही, की पदवी तीन वर्षांत मिळत असताना चौथं वर्ष कशाला घालवायचं. माझं मत आधीच सांगते. कलेतलं नेमकं काय शिकायचंय हे अजून उमगलेलं नसेल, तर या वर्षाइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. पण विषय पक्का आहे आणि पोर्टफोलिओही, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचा संच, दमदार आहे, अशा मुलाने केवळ सगळे करतात म्हणून ते करू नये.

फाउंडेशन डिप्लोमा सप्टेंबर ते जून चालतो. सेंट्रल सेंट मार्टिन्स, किंग्स्टन, लीड्स आर्ट्स युनिव्हर्सिटी अशा नावाजलेल्या ठिकाणी तो आहे, तसाच शाळेनंतरचं, पदवीखालचं शिक्षण देणाऱ्या गावोगावच्या फर्दर एज्युकेशन कॉलेजांतही आहे. सुरुवातीचे काही आठवडे मुलं चित्र, शिल्प, कापड, सिरॅमिक्स, ग्राफिक्स, फोटोग्राफी अशा वेगवेगळ्या विभागांत हात घालून बघतात. मग एक वाट धरायची, आणि शेवटच्या सत्रात स्वतःच ठरवलेला मोठा प्रकल्प करून तो प्रदर्शनात मांडायचा.

या पद्धतीचं मूळ जर्मनीत आहे. १९१९ साली वायमारमध्ये बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली, तेव्हा योहानेस इटेन यांनी तिथे सगळ्यांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम आखला. पुढे १९५० च्या दशकात व्हिक्टर पास्मोर, रिचर्ड हॅमिल्टन अशा चित्रकारांनी ब्रिटनमध्ये त्याच धर्तीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि १९६० मध्ये कलाशिक्षणासाठी नेमलेल्या कोल्डस्ट्रीम समितीने कलेच्या नव्या तीन वर्षांच्या डिप्लोमाची आखणी केली, ती आधी एक तयारीचं वर्ष झालेलं असेल असं धरूनच. आजची तीन वर्षांची पदवी त्याच डिप्लोमातून आली. म्हणून अनेक अभ्यासक्रमांत पहिल्या दिवसापासून एकाच विषयात काम सुरू होतं. मुंबईच्या जेजेतलं बीएफए किंवा अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची पदवी चार वर्षांची असते आणि पायाभूत वर्ष त्यातच येतं. एकूण हिशेब केला तर फाउंडेशन करणारी मुलगी मागे पडत नाही.

या वर्षात नेमकं काय बदलतं, हे आपल्या पिढीला चटकन लक्षात येत नाही, कारण चित्रकला म्हटलं की आपल्याला एलिमेंटरी-इंटरमिजिएट आठवते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र; ठरलेल्या वेळात नीटनेटका, पूर्ण झालेला कागद द्यायचा आणि त्यावर श्रेणी मिळवायची. फाउंडेशनचे शिक्षक आधी स्केचबुक मागतात. कल्पना कुठून आली, कोणत्या वाटा सोडून दिल्या, काय फसलं आणि फसल्यावर पुढे काय केलं, हे त्यांना बघायचं असतं. हात स्वच्छ असलेली, शाळेत सतत शाबासकी मिळवलेली मुलं इथे ऑक्टोबरमध्ये गोंधळतात. त्यांची रेषा वाया जात नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. ए लेव्हललाही स्केचबुक असतं, तरी तिथे प्रत्येक पान गुणांच्या निकषांत बसवावं लागतं. फाउंडेशनची अंतिम श्रेणी मुख्यतः शेवटच्या प्रकल्पावर ठरते, त्यामुळे आधीचे महिने खरोखर चुकण्यासाठी मोकळे असतात. थेट पदवीला गेलेल्या मुलाला ही मोकळीक क्वचितच मिळते.

मात्र हे महिने वाटतात तितके लांब नसतात. सप्टेंबरला वर्ग सुरू होतात आणि युकासची मुदत जानेवारीत येते. इलस्ट्रेशन करायचं म्हणून आलेली मुलगी डिसेंबरात टेक्स्टाइलकडे वळली, तर तिला नवा पोर्टफोलिओ काही आठवड्यांत उभा करावा लागतो.

म्हणून इयर थर्टीनमध्येच दोन्हीकडे अर्ज करावेत, असं मी सगळ्यांना सांगते. युकासवर पदवीचे पाच पर्याय भरायचे. फाउंडेशनचा अर्ज बहुतेक ठिकाणी थेट कॉलेजकडे जातो, त्यामुळे तो या पाचांत मोजला जात नाही. मग निर्णय निकालानंतर, ऑगस्टमध्ये घेता येतो.

पैशाचं गणित इंग्लंडमध्ये वयावर अवलंबून आहे. ज्या वर्षी कोर्स सुरू होतो, त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला मूल १९ वर्षांच्या आत असेल आणि वास्तव्याच्या अटीत बसत असेल, तर साधारणपणे फी नसते. पण हे पदवीचं शिक्षण नसल्याने राहण्याखाण्यासाठीचं विद्यार्थी कर्जही मिळत नाही. साहित्य आणि रोजचा प्रवास घरच्याच खिशातून होतो. म्हणून घरापासून जवळचं चांगलं कॉलेज हे लांबच्या मोठ्या नावापेक्षा बहुधा शहाणपणाचं ठरतं.

विद्यापीठं स्वतः ‘पदवी अधिक फाउंडेशन’ असा चार वर्षांचा पर्यायही देतात. तिथे पहिल्या वर्षालाही फी असते, ती कर्जात बसते आणि पास झाल्यावर सहसा तिथेच पुढे जाता येतं. पण १८ वर्षांच्या मुलाने जे वर्ष फुकट मिळू शकतं, त्यासाठी कर्ज का काढावं? सध्याच्या नियमांनुसार वर्षाला २५,००० पौंडांवरच्या कमाईच्या ९ टक्के, असं ते ४० वर्षांपर्यंत फेडायचं असतं. शिवाय मूल चार वर्षांसाठी एकाच विद्यापीठाशी बांधलं जातं. वय १९ उलटलं असेल किंवा जवळपास चांगलं कॉलेजच नसेल, तर मात्र हा मार्ग योग्य आहे.

ए लेव्हलचे ग्रेड जेमतेम असतील, तर फाउंडेशन डिप्लोमाचे युकास गुण, म्हणजे विद्यापीठं प्रवेशासाठी मोजतात ते गुण, कामी येतात: डिस्टिंक्शनला ११२, मेरिटला ९६, पासला ८०. ११२ म्हणजे ए लेव्हलच्या बी, बी, सी इतके. फाइन आर्टसाठी नामांकित कॉलेजं फाउंडेशन झालेली मुलं पसंत करतात. अ‍ॅनिमेशन, गेम डिझाइन, ग्राफिक्सला अनेक विद्यापीठं ए लेव्हल आणि पोर्टफोलिओवर थेट घेतात. आर्किटेक्चरला तर फाउंडेशनची गरजच नसते. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी मुळात चार वर्षांची आहे, त्यामुळे ग्लासगो किंवा एडिंबराला जायचं असेल, तर आधी वेगळं वर्ष करायची निकड नाही.

पुण्या-नाशिकहून बारावीनंतर इथे फाउंडेशनला यायचं म्हणणाऱ्या मुलांचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. त्यांना हे वर्ष फुकट नाही. परदेशी विद्यार्थ्यांची फी, व्हिसा आणि वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार भरावा लागतो. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पदवीखालच्या कोर्सला फक्त १०. जेजे, एनआयडी किंवा बडोद्याच्या विद्यापीठात कलेला प्रवेश मिळत असेल, तर तिथे पदवी करावी, पायाभूत वर्ष तिथेच होईल, आणि तो पैसा इथल्या मास्टर्ससाठी राखून ठेवावा.