कंसात गेलेलं नाव आणि आमचे सहा लाख एक हजार

सोलापूरच्या हद्दवाढ भागात मोकळा प्लॉट बघत असाल तर इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) द्यायच्या आधी हे वाचा. आमचे 6,01,000 रुपये गेले. इसार 51,000, चेकनं 3,50,000 आणि रोख 2,00,000. प्लॉट 1,500 चौरस फुटांचा, भाव 900 रुपये, म्हणजे सौदा साडेतेरा लाखांचा. उरलेले खरेदीखताच्या दिवशी द्यायचे ठरलेले. तो दिवस उजाडलाच नाही, कारण ज्याच्या नावानं आम्हाला जागा विकली जात होती तो मालक सौद्याच्या दोन वर्षं आधीच वारला होता.

सही करत होता त्याचा कुलमुखत्यार, म्हणजे मालकाच्या वतीनं सही करायचा अधिकार दिलेला माणूस. "मालक पुण्याला मुलाकडं असतात, तब्येतीमुळं येणं होत नाही." असं कुणी म्हणालं की मालकाशी व्हिडिओ कॉल लावायला सांगा, नाहीतर सरळ उठा. देणारा मेला की असं कुलमुखत्यारपत्र तिथंच संपतं. आणि तो जिवंत असला तरी नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जागा तुमच्या नावावर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 सालीच सूरज लॅम्पच्या निकालात सांगितलंय. आमच्या हातात दिलेलं कुलमुखत्यारपत्र नुसतं नोटरी केलेलं होतं, साठेखतही (पुढं विक्री करायचा करार) 500 च्या स्टॅम्पवर नोटरीच. का, ते आता कळतंय. सब-रजिस्ट्रारकडं कुलमुखत्यारानं दस्त करायचा म्हटलं की मालक हयात आहे आणि अधिकार रद्द केलेला नाही असं घोषणापत्र जोडावं लागतं. खोटं घोषणापत्र सरकारी दप्तरात जाऊ नये म्हणून ही मंडळी नोटरीच्या टेबलावरच थांबतात, सब-रजिस्ट्रारकडं जातच नाहीत. "रजिस्टर साठेखताला उगाच स्टॅम्प ड्युटीचा खर्च" म्हणत आपलेच पैसे वाचवल्याचा आव आणतात.

आता तो सातबारा. अजून डोळ्यांपुढून जात नाही. एजंटानं दिलेली झेरॉक्स स्वच्छ होती. मालकाचं नाव, भोगवटादार वर्ग 1 (विकायला सरकारी परवानगी लागत नाही तो), इतर अधिकारात बोजा नाही. फक्त खालची पट्टी कापलेली. झेरॉक्स करताना कागद सरकला असेल असंच कुणालाही वाटेल. पण नव्या सातबाऱ्यावर "शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक" आणि "प्रलंबित फेरफार" हे तिथंच खाली असतं. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ती पट्टी मुद्दाम उडवली होती, कारण तारीख दिसली असती तर उतारा किती जुना ते कळलं असतं. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांना मिळतो. तो नंतर काढला तर मालकाच्या नावाला कंस पडलेला, शेजारी फेरफार क्रमांक आणि खाली चार वारसांची नावं. कंस म्हणजे त्या नावाचा हक्क संपला, हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. पण जो कंस समोर ठेवलाच नाही तो दिसणार कसा? एजंट ओळखीतला, नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदार, प्लॉटवर चालू बोअर. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात बोअर बघितलं की माणूस निम्मा विकत घेऊनच बसतो, आणि हे एजंटांना पक्कं ठाऊक असतं.

सातबारा जमिनीचा, प्लॉटचा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. एनए (बिगरशेती) झालेल्या क्षेत्राच्या उताऱ्यावर गाव नमुना 12 ची (पिकांच्या नोंदीची) गरज नाही अशी टीप असते. ती नसेल आणि खाली पिकं लिहिलेली असतील, तर तुम्हाला शेतजमिनीचे गुंठे विकले जातायत. एक गुंठा 1,089 चौरस फूट. एनए झाल्याचा कागद आणि मंजूर लेआउट दोन्ही मागा, आणि लेआउटची प्रत विकणाऱ्याकडून घेऊ नका. माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून महापालिकेकडून काढा. त्या नकाशावर तुमचा प्लॉट नंबर ओपन स्पेसवर (सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेवर) तर पडत नाही ना, ते बोट ठेवून बघा. ओपन स्पेसचे तुकडे पाडून विकायचा धंदा जुना आहे.

बाकी यंत्रणेचं काय सांगावं! नोटरी म्हणे, मी फक्त सही बघतो. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, खुर्ची तीच) गेलं तर, "वारसनोंद रीतसर झालीय, तुमचं तुम्ही बघा." पोलीस ठाण्यात अर्ज वाचायच्या आधीच उत्तर तयार: "काका, हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मेलेल्या माणसाच्या नावानं पैसे घेणं दिवाणी? मालक वारल्याचं माहीत असताना साठेखत केलं म्हणजे फसवायचा हेतू पहिल्या दिवसापासूनचा, भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) यासाठीच आहे. अर्जाची पोहोच घेताना शिक्का मारायलाही टाळाटाळ. वरून रोख दोन लाखांची पावती कुठं, हा सवाल आम्हालाच! पावती नाही, कारण "बाजारभाव आणि सरकारी भावातला फरक रोखीतच असतो" हे इथं सगळे म्हणतात, सगळे देतात. आयकर कायद्यानं जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, पण त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्या दोन लाखांचं आता नाव घ्यायलाही जागा नाही. चेकचे साडेतीन लाख निदान बँकेच्या उताऱ्यावर तरी दिसतात.

वकील आपला करा. एजंटानं "हे करून देतील" म्हणून बसवलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या दस्तांची तपासणी) आणि पेपरात जाहीर नोटीस हे इसाराच्या आधी. महाभूमीच्याच 'आपली चावडी' या ऑनलाइन नोटीस बोर्डावर गावाच्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात, हरकतीला 15 दिवस असतात, त्या चाळा. फ्लॅट किंवा मोठ्या लेआउटमधला प्लॉट असेल तर महारेरा या गृहप्रकल्पांच्या सरकारी नियामकाच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी नंबर टाकून बघा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय प्रवर्तकाला (बिल्डरला) किमतीच्या 10 टक्क्यांवर एक रुपयाही घेता येत नाही.

आणि आमच्यासारखे आधीच अडकलेले असतील त्यांनी पोलिसांच्या भरवशावर बसू नये. ठाण्यात घेत नाहीत तर वरिष्ठांना लेखी द्या, त्यानंही हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. पैसे परत मिळवायच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. पोलिसांत अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही.