सर्दीची गोळी: नाक चोंदलं असेल तर पैसे वाया

पावसाळ्यात कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये "सर्दीची गोळी द्या" म्हणा, बहुतेक वेळा तीन औषधांची एकच गोळी हातात पडते: पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, क्लोरफेनिरामिन २ मिग्रॅ आणि फेनिलेफ्रिन १० किंवा ५ मिग्रॅ. पॅरासिटामॉलनं ताप, अंगदुखी उतरते. क्लोरफेनिरामिननं शिंका आणि वाहतं नाक थोडं आवरतं, झोपही येते. फेनिलेफ्रिन घातलंय चोंदलेलं नाक मोकळं करायला, आणि नेमकं तेच काम होत नाही. गिळलेलं फेनिलेफ्रिन आतडी आणि यकृतातच मोडतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसायला पुरेल इतकं रक्तात उरतच नाही.

अमेरिकेत एफडीएच्या (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या) सल्लागार समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये १६ विरुद्ध ० मतांनी हेच सांगितलं. तिथल्या ग्राहकांनी औषध कंपन्यांवर केलेले सामूहिक दावे मात्र ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळले, कारण कंपन्यांची लेबलं एफडीएच्याच नियमांत बसत होती. त्याच महिन्यात एफडीएनं गिळायचं फेनिलेफ्रिन चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांच्या मान्य यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. गोळीचे पैसे मोजणाऱ्याच्या हाती काय आलं?

नाक बंद असेल तर मोठ्यांसाठी झायलोमेटाझोलिन ०.१ टक्के थेंब मागा. पाच दिवसांवर नकोत. नंतर थेंबांमुळेच नाक चोंदू लागतं. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सलाइनचे थेंब रोज चालतात. तापाला साधं पॅरासिटामॉल पुरतं, पण सर्दीच्या गोळीबरोबर ते वेगळं घेऊ नका, डोस दुप्पट होतो. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण देऊ नये, असं आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली, एकच तक्रार असलेल्या अनेकांसाठी एक-दोघांनाही जिल्हा ग्राहक आयोगाच्या परवानगीनं दाद मागता येते. मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. अडतं ते पुराव्यावर. चार गोळ्या कातरून दिल्या की बॅच नंबर बऱ्याचदा दुकानातल्या तुकड्यावर राहतो आणि बिलही मिळत नाही. म्हणून अख्खी पट्टी घ्या, बॅच नंबर लिहिलेलं बिल मागून घ्या.