व्हिडिओला आवाज जोडण्याचे तेरा हजार: ही फसवणूक कशी होते आणि कशी ओळखायची

माटुंग्यातल्या एका गाण्याच्या वर्गाने वार्षिक कार्यक्रमाचं चित्रीकरण नीट विचार करून केलं होतं. सभागृहाच्या मागच्या बाजूला ट्रायपॉडवर कॅमेरा, आणि आवाज थेट मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर. कार्यक्रम २ तास १० मिनिटांचा. शेवटी कॅमेऱ्याच्या कार्डावर त्याचे सहा तुकडे निघाले, मिळून २३ जीबीच्या वर, आणि रेकॉर्डरवर दीड जीबीची एक वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला आवाज. दोन्ही एकत्र करून द्या, एवढंच काम घेऊन वर्गाच्या बाई एका स्टुडिओत गेल्या आणि मूळ कार्ड तिथेच ठेवून आल्या.

बिल आलं ते असं: ‘फाइल जॉइनिंग’ सहा तुकड्यांचे ₹३,०००, ‘ऑडिओ कन्व्हर्जन’ ₹१,५००, ‘रेंडरिंग’ ₹६,५०० आणि ‘कोडेक लायसन्स’ ₹२,०००. एकूण तेरा हजार. हातात पडली सुमारे ३ जीबीची एक एमपी४ फाइल. चेहरे मेणासारखे गुळगुळीत, पडद्यावरची नक्षी पुसट, आणि शेवटच्या भैरवीपर्यंत आवाज ओठांच्या पुढे पळालेला. तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, ‘तुमचा कॅमेराच खराब आहे, मूळ फाइल करप्ट होती.’ वरून ‘डेटा रिकव्हरी’चे आणखी ₹४,००० मागितले. कार्ड परत आलं ते फॉरमॅट करून.

अशा फायली आम्हा एडिटिंगवाल्यांकडे दुरुस्तीला येतात, म्हणून या बिलाची एकेक ओळ उघडून दाखवतो. मुंबईत घरगुती कार्यक्रम, एकांकिका, अरंगेत्रम यांचं असं काम रोज कुठे ना कुठे चालू असतं, आणि बिल वाचणाऱ्याला नेमकं काय केलं गेलं ते कळत नाही, यावरच हा धंदा चालतो.

आधी मुख्य गोष्ट. चित्र आणि आवाज एका फाइलीत बसवायला चित्र पुन्हा बनवावं लागत नाही. एमपी४ किंवा एमकेव्ही हे नुसतं वेष्टन आहे. आत चित्राचा प्रवाह वेगळा, आवाजाचा वेगळा, आणि कोणत्या क्षणी काय दाखवायचं याच्या वेळा नोंदलेल्या. जोडणी म्हणजे दोन्ही प्रवाह जसेच्या तसे उचलून एका वेष्टनात ठेवणं. याला मक्सिंग म्हणतात. यात संगणक एकही फ्रेम उलगडत नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही आणि वेळ लागतो तो फक्त फाइल वाचायला-लिहायला. २५ जीबीच्या कामाला एसएसडीवर दोन-चार मिनिटं, जुन्या हार्ड डिस्कवर दहा-पंधरा. ‘रात्रभर रेंडर लावलंय’ हे वाक्य या कामात ऐकू आलं, की समजायचं: एक तर खोटं आहे, नाही तर चित्र पुन्हा दाबलं जातंय, म्हणजे फाइल लहान करायला नव्याने बनवलं जातंय (री-एन्कोड). दुसरं असेल तर जास्त वाईट. कारण त्यात पैशांबरोबर चित्रही जातं.

या फाइलीत तेच झालं होतं. कॅमेऱ्याने चित्र २४ मेगाबिट प्रतिसेकंद दराने टिपलं होतं. स्टुडिओने दिलेल्या फाइलीत तो दर ३ वर आला होता, म्हणजे आठवा हिस्सा. गुळगुळीत चेहऱ्यांचं कारण हेच. कॅमेऱ्यात काडीचा दोष नव्हता.

तुकडे सहा का पडले? ३२ जीबीपर्यंतची एसडी कार्डं फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. म्हणून कॅमेरा स्वतःच नवी फाइल सुरू करतो. हा बिघाड नव्हे, आणि तुकड्यामागे ₹५०० घ्यावेत असं त्यात काही कामही नाही. ‘कोडेक लायसन्स’ ही ओळ तर निव्वळ थाप. कोडेक म्हणजे चित्र दाबायचं-उलगडायचं तंत्र. चित्र उलगडायचंच नाही, तर त्याला कोडेक लागणार कशाला? आवाज एएसी या दाबलेल्या स्वरूपात आणायला एफएफएमपेग हे मोफत साधन पुरतं आणि अडीच तासांच्याही आवाजाला काही मिनिटंच लागतात.

आवाज सरकण्याची तक्रार मात्र खरी असते, आणि तिथे जाणकार माणूस लागतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर, दोघांची घड्याळं वेगळ्या स्फटिकांवर चालतात. दहा लाखांत ५० भागांचा फरक ही अगदी साधी बाब आहे. तेवढ्याने तासाला ०.१८ सेकंद आणि २ तास १० मिनिटांत ०.३९ सेकंद फरक पडतो. २५ फ्रेमच्या चित्रात हे जवळजवळ दहा फ्रेम झाले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतं. त्यामुळे सुरुवातीला जुळणीसाठी वाजवलेली टाळी जुळली म्हणून काम संपलं असं धरायचं नाही. शेवटच्या दहा मिनिटांतली एखादी तबल्याची थाप किंवा टाळ्यांची सुरुवात पुन्हा तपासायची. आवाज असा पुढे पळत असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्ह फाइलीचा वेग ०.००५ टक्क्याने कमी केला की तिची लांबी बरोबर होते. एवढ्या बदलाने सूर हलल्याचं कोणाच्याही कानाला कळत नाही.

आणखी एक बारकावा बरेच एडिटरही विसरतात. कॅमेरा मंचापासून २० मीटर लांब असेल, तर त्याच्या स्वतःच्या माइकवर आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्सरचा आवाज त्या माइकच्या लहरीशी (पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखाशी) जुळवला तर तोही तेवढाच मागे पडतो, म्हणजे जवळजवळ दीड फ्रेम. ख्यालात हे खपून जाईल, तबल्याच्या सोलोत खपत नाही. जुळणी शक्यतो चित्रातल्या टाळीशी करावी. टाळी नसेल, तर कॅमेऱ्याच्या लहरीशी जुळवून अंतराच्या हिशेबाने दर मीटरला ३ मिलिसेकंद वजा करावेत.

हे काम घरी करायचं असेल तर एमकेव्हीटूलनिक्स घ्या. मोफत आहे, आणि ते फक्त त्याच्या अधिकृत साइटवरून उतरवा. ‘फ्री व्हिडिओ जॉइनर’ शोधल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. तिथून नको ते सॉफ्टवेअर गळ्यात पडतं. फोनवर कोणी स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. त्यातल्या मल्टिप्लेक्सर या भागात पहिला तुकडा टाका, त्यावर राइट क्लिक करून पुढचे पाच क्रमाने ‘अपेंड’ करा. मग वेव्ह फाइल स्वतंत्र जोडा. खालच्या यादीत कॅमेऱ्याच्या आवाजापुढची खूण काढा, वेव्हवर क्लिक करून ‘डिले’च्या चौकटीत मिलिसेकंद भरा: आवाज मागे न्यायचा तर अधिक, पुढे आणायचा तर उणे. ‘स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग’ दाबा. हँडब्रेक या कामाला वापरू नका. साधन चांगलं आहे, पण ते चित्र प्रत्येक वेळी नव्याने दाबतं.

टीव्हीवर लावायची प्रत हवी असेल तर थोडं वेगळं. बऱ्याच टीव्हींना एमकेव्हीतला वेव्ह आवाज चालत नाही. त्यासाठी एफएफएमपेगने एमपी४ करा: चित्र ‘कॉपी’, आवाज एएसी २५६ किलोबिट. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नाही तर ४ जीबीला गाडी अडेल. आपला टीव्ही एक्सफॅट वाचतो का, ते आधी पाहून घ्या.

बाहेरूनच करून घ्यायचं असेल, तर मूळ कार्ड कधीही देऊ नका. घरी दोन ठिकाणी प्रत काढा, कार्डाची लॉकची खिटी लावून ते कपाटात ठेवा आणि स्टुडिओत पेनड्राइव्ह न्या. व्हॉट्सॲपवर लेखी विचारा: ‘चित्र कॉपी मोडमध्ये ठेवणार की री-एन्कोड करणार?’ जाणकार माणूस एका ओळीत उत्तर देतो. रंग सुधारणं, नावांच्या पाट्या, दोन कॅमेऱ्यांची कापाकापी असेल तर री-एन्कोड करावंच लागतं आणि त्याचे पैसे रास्त आहेत. हातानं आवाज जुळवण्याचेही. पण मग दर किती मेगाबिट ठेवणार, तेही लिहून घ्या.

पैसे चुकते करण्यापूर्वी मूळ फाइल आणि मिळालेली फाइल, दोन्ही मीडियाइन्फोत उघडा. हेही मोफत आहे. व्हिडिओच्या भागात बिट रेट पाहा: मूळ २४ मेगाबिट असेल तर कॉपी केलेल्या फाइलीतही त्याच्या आसपासच दिसला पाहिजे. ‘रायटिंग लायब्ररी’समोर एक्स२६४ असं (चित्र दाबणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव उमटलं असेल आणि मूळ कॅमेऱ्याच्या फाइलीत ते नसेल, तर चित्र पुन्हा दाबलं गेलंय. पुरावा म्हणून एवढं पुरेसं आहे. माटुंग्याच्या फाइलीत हे नाव स्पष्ट होतं.

कार्ड फॉरमॅट होऊन आलं असेल तर त्यात नवीन काहीही टिपू नका. साध्या फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, माल बहुधा तिथेच असतो. फोटोरेक हे मोफत साधन तो काढू शकतं. मात्र व्हिडिओ कार्डावर विखरून लिहिला गेला असेल तर तुकडे नीट जुळत नाहीत.

तक्रारीसाठी बिल, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि दोन्ही फायलींचे मीडियाइन्फो अहवाल टेक्स्ट स्वरूपात जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याला शुल्क नाही. खोट्या सॉफ्टवेअरमधून किंवा स्क्रीन शेअरिंगमधून खात्यातले पैसे गेले असतील, तर मात्र आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासाला, आणि मग बँकेला.