चार्जिंग झकास, अक्षरं मात्र गुल

पाचपैकी तीन तारे, आणि तिसरा देताना हात जरा आखडलाच.

२०,००० एमएएचची ही पॉवर बँक आहे. फोन तीनदा आरामात भरतो, तापत नाही, वजन जाणवतं पण चालतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पाठीवरच्या मजकुराबद्दल. काळ्यावर फिकट राखाडी, मुंगीएवढी अक्षरं. वर्षभर बॅगेत किल्ल्यांशी घासून ती जवळजवळ पुसली गेली. घरी कोण बघतंय! विमानतळावर मात्र सिक्युरिटीने बॅग बाजूला काढली.

"क्षमता कुठे लिहिलीय?"

चष्मा लावला, उजेडात तिरकी धरली. 'इनपुट' हा शब्द आणि अर्धवट ७, एवढंच शिल्लक. मी तोंडी हिशोब मांडला: २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर, मर्यादा तर १०० ची आहे. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पण यातले २०,००० तरी कुठे दिसतायत?" काय बोलणार! बँक तिथेच राहिली. हिची १५० मिलीची लोशनची बाटलीही त्याच ट्रेमधून गेली. आत तळाशी बोटभर उरलं होतं, पण मोजतात ती बाटली, आतला माल नाही.

चेक-इन बॅगेत टाकायला हवी होती, असं नंतर एकाने सुचवलं. अजिबात नको, तिथे तर पॉवर बँकेला बंदीच. केबिनमध्ये धूर आला तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. खाली सामानात तिच्यापर्यंत पोचणार कोण? तिथला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण आतले सेल एकमेकांना तापवतच राहतात. १०० ते १६० वॉट-अवरची असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्यापुढची नेताच येत नाही.

एवढं होऊनही पुन्हा हीच घेतली, कारण चार्जिंगला खरंच तोड नाही. खोक्यातून काढल्या काढल्या मजकुरावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी मारली. सहा महिने झाले, अक्षर न् अक्षर शाबूत आहे. कंपनीला छपाईबद्दल मेल केला होता. उत्तर आलं, सगळी माहिती सोबतच्या पुस्तिकेत दिलेली आहे.